भुकेल्याला नाव विचारू नये

एका राज्यात, जिथे डोंगर धुक्याचे आणि तळी काळ्या पाण्याची, एक रीत होती. दारी कोणीही येवो, त्याला आधी चुलीपाशी बसवावे, जेवू घालावे आणि मगच नाव विचारावे. नाव आधी कळले आणि पाहुणा वैऱ्याच्या कुळातला निघाला, तर घास कोण देणार? एकदा मीठ पोटात गेले की मात्र खाल्ल्या मिठाला जागलेच पाहिजे. बर्फात वाट चुकलेल्याला दुसरा आधार तरी कोणता?

तिथला राजा टॉर्क्विल. एका पाहुण्याने त्याचा घोडा पळवला आणि राजाच्या मनात संशयाने घर केले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. हा गृहस्थ पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागला! फाटकाला आडणा घालून तो स्वतः उभा राहू लागला. एके दिवशी चौकड्यांची शाल पांघरलेली एक म्हातारी आली.

"नाव काय? कूळ कोणते?"

"आधी पेज, मग नाव."

"आधी नाव."

म्हातारी जादूगारीण होती. ती म्हणाली, "राजा, यापुढे तुला कोणाचीच ओळख पटणार नाही. ज्याचा संशय येतो, त्याला नाव कळण्याआधी स्वहस्ते जेवू घालशील, तेव्हाच शाप सुटेल." एवढे बोलून तिचे धुके झाले.

राजाने वळून आपल्या लेकीकडे, एल्स्पेथकडे पाहिले आणि तलवार उपसली. "माझ्या मुलीचे कपडे घालून आलेली ही कोण?"

"बाबा, मी एल्स्पेथ!"

"नाव काय, कोणीही सांगेल!" त्याने तिला हाकलले. मग एकेक करून सगळेच गेले.

फाटकावरचा डोमकावळा एल्स्पेथला म्हणाला, "तुझा बाप उपाशी मरेल. विष असेल म्हणून धान्य आणि मीठ, चेटूक असेल म्हणून सरपण, सगळे त्याने तळ्यात फेकले. तो कोणाला काय जेवू घालणार? पाणघोड्याच्या दलदलीतली जळाऊ माती आण, राक्षसाच्या शेतातले ओट आण, सीलबायांच्या बेटावरचे मीठ आण."

"तू मला का मदत करतोस?"

"उपाशी घरात खरकटे पडत नाही."

पाणघोडा हे घोड्याच्या रूपात वाटसरूंना बुडवणारे भूत. तो गोड बोलला, "ये, पाठीवर बैस." एल्स्पेथने त्याचे खूर पाहिले. ते उलटे होते. ती पायीच गेली आणि माती कापून आणली. सगळाच संशय वाईट नसतो, हे मलाही मान्य आहे.

राक्षसाने तिला पोटभर जेवू घातले, मग नाव विचारले, मग ओट दिले. राक्षसाला कळते ते राजाला कळू नये!

सीलबाया अंगावरची सीलची कातडी उतरवून, बायका होऊन खडकावर केस वाळवत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मीठ ने, पण तुझे नाव इथे ठेव. कोणी ओळखून हाक मारील, तेव्हाच ते परत मिळेल."

बापाने ओळखले नाही, तर ती जन्मभर बिननावाची राहणार होती. तिने नाव दिले.

बर्फ पडत असताना ती फाटकाशी आली.

"नाव काय?" राजा ओरडला. त्याची गालफडे बसली होती.

"भूक लागली आहे."

"कूळ कोणते?"

"भूक लागली आहे."

"कोणी पाठवले?"

"भूक लागली आहे."

राजाने तिची पुरचुंडी हिसकावली. "या मिठात नक्की विष आहे!" खात्री करायला त्याने चिमूटभर जिभेवर ठेवले. मीठच होते. आणि तो थबकला. परकीचे मीठ त्याच्या पोटात गेले होते. शापाने ओळख पुसली होती, पण रीत हाडात मुरलेली होती. त्याचा संशय तसूभरही कमी झाला नव्हता. तरी त्याने आडणा काढला, दलदलीची माती पेटवली, ओटांची पेज रटरट शिजवली आणि एका हातात तलवार धरून दुसऱ्या हाताने तिच्यापुढे वाडगा ठेवला.

तिने तो चाटूनपुसून संपवला.

"आता नाव सांग," राजा म्हणाला.

तिचे ओठ हलले, पण नाव येईना. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. राजा बघत राहिला. तलवार खाली पडली.

"एल्स्पेथ," तो म्हणाला. "माझी एल्स्पेथ."

यथावकाश गेलेली माणसे परतली, फाटक उघडे राहिले, राज्याची घडी नीट बसली. पण त्याआधी, त्या चुलीपाशी, एल्स्पेथ डोळे पुसत म्हणाली, "बाबा, पेज फार खारट झाली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पहिल्यांदाच वाढली होती ना!"