सरकारांची होडी चिखलात

"राजा धक्क्यावर, आणि होडी चिखलात!" वाघवणचे मानसिंगराव सरकार कडाडले.

होडी खरंच चिखलात होती. ओहोटी लागली की वाघवणच्या खाडीतलं पाणी निघून जाई, आणि सरकारांची नवी सहलीची होडी गादी-तक्क्यांसकट एका कुशीवर कलंडे. बंदराचा मक्तेदार लखमशेट दोन दरांनी जागा देई. बाहेर खोल पाण्यात नांगरलेली होडी आठही प्रहर तरंगे, पण तिथलं भाडं ऐकून भल्याभल्यांना घाम फुटे. खाडीतलं भाडं नावापुरतं, कारण पाणी भरतीपुरतं. सरकारांनी होडीला चांदीचे मोर लावले होते आणि जागा घेतली होती खाडीत.

होडीची राखण पोशा तांडेलाकडे होती. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, खोल पान्यात जागा घ्या."

"नुसतं उभं राहायला एवढं भाडं? होडी इथेच राहील! आणि मी येईन तेव्हा तरंगताना दिसेल! पुन्हा चिखलात दिसली, तर खोल पाण्याचं वर्षाचं भाडं तू भरायचंस. नाहीतर तुझा मचवा जप्त!"

त्या मचव्याच्या मासळीवर पोशाचं घर चालायचं. त्याने कपाळाला हात लावला.

त्याची लेक येसू मात्र राजजोशी त्रिंबकभटांकडे बघत होती. सरकार मुहूर्ताशिवाय उंबरा ओलांडत नसत, म्हणून दर सहलीला भटजींनाही यावं लागे. ओहोटी असली तर भोई सरकारांना खांद्यावरून चिखलातल्या होडीपर्यंत नेऊन परत धक्क्यावर आणत. भटजी मागून चालत येत. आत्ताही ते गुडघ्यापर्यंत चिखलात होते आणि एक वहाण शोधत होते.

दुसऱ्या दिवशी येसू चार नारळ घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली.

"भटजीबाबा, तिथी बघून भरती कवा येनार ते आमी सांगतो. तिथी बघूनच तुमी मुहूर्त काढता. मंग मुहूर्त भरतीचाच काढला तर?"

भटजींनी वाळत घातलेल्या धोतराकडे पाहिलं. त्याचे डाग काही निघाले नव्हते.

"शास्त्राची हरकत दिसत नाही," ते म्हणाले.

तेव्हापासून सरकार यावेत आणि होडी डौलात डुलत असावी! पोशाला झोप लागू लागली. सरकारांची उडाली. आपला अशक्य हुकूम कुणी पाळून दाखवावा, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

एका शुक्रवारी, अष्टमीला, भर सकाळी ते कुणालाही न सांगता, रागाच्या भरात मुहूर्तही न विचारता धक्क्यावर आले. भटजी धापा टाकत मागून पोहोचले. खाडीत पाण्याचा थेंब नव्हता.

"सापडलात!" सरकार आनंदाने ओरडले. "होडी चिखलात! शिपाई, मचवा ताब्यात घ्या!"

येसूने शांतपणे विचारलं, "भटजीबाबा, आता येळ कंची हाय?"

"शुक्रवार... साडेदहा वाजून गेले..." भटजींनी बोटं मोजली आणि ते पांढरे पडले. "सरकार, राहुकाळ!"

सरकारांनी पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतलं.

"म्हंजे होडी तरंगत आसती, तर सरकार राहुकाळात दर्यावर गेलं आसतं!" येसू म्हणाली. "खोल पान्यातली होडी कवा पन बसवून घेते, तिला बरी-वाईट येळ कुठली कळते? ही मातर सरकारांना अडवाया चिखलात जाऊन बसली. आता हिला दंड करायचा का बक्षीस द्यायचं, ते सरकारांनीच सांगावं!"

सरकारांनी होडीकडे पाहिलं, मग भटजींकडे.

"होडी धर्मनिष्ठ आहे," भटजी गंभीरपणे म्हणाले.

सरकारांच्या मिशा थरथरल्या आणि ते पोट धरून हसत सुटले! मचवा सुटला. खोल पाण्याच्या वर्षाच्या भाड्याएवढी रक्कम खजिन्यातून मोजून बक्षीस म्हणून येसूच्या ओंजळीत पडली.

ते पाहून लखमशेट लगबगीने पुढे झाला. "मग सरकार, होडी आता खोल पाण्यात हलवायची ना?"

"छे!" सरकार डोळे पुसत म्हणाले. "तिथे तिची अक्कल बिघडेल!"