तीन नंबरची हजेरी

“काका, हात सोडला तर विमान किती वेळ सरळ जातं?”

हे मी आधी दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, पाणी पी. मग कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, कुठलं मॉडेल? आईला विचारलं, तर तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आता गांगुर्डे काकांना विचारत होतो.

काका विमान पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

काका हवाई दलात फिटर होते. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. आमच्या गावाबाहेर विमानांचं एक लहानसं संग्रहालय आहे. पत्र्याची शेड आणि तिच्यात एक जुनं लढाऊ विमान. नॅट त्याचं नाव. नॅट म्हणजे चिलट. आहेही तेवढंच, पंख माझ्या छातीला लागतो. समोर पाटी आहे, ‘विमानास हात लावू नये.’ लोक यायच्या आत काका रोज त्या पाटीसमोरच सगळं विमान हातानं पुसून काढतात.

“कुठलं विमान?” काकांनी विचारलं.

“हेच. नॅट.”

“हात कोणी सोडला?”

“तुम्हाला माहितीये, काका.”

त्यांनी खांद्यावरचं दुसरं फडकं माझ्याकडे टाकलं.

“ती बाजू घे.”

“मी पुसायला नाही आलो.”

“मग विचारायलाही आला नाहीस.”

मी फडकं खाली टाकलं. ते तसंच पडू दिलं त्यांनी.

जयेशदादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी आठवीत शाळा सोडली आणि गॅरेजला लागलो. दादा शिकला, नोकरीला लागला, आणि पहिल्या पगारापासून त्याला एकच नाद. जुनी लढाऊ विमानं. संग्रहालयात येऊन तो काकांना खिळ्याखिळ्याबद्दल विचारायचा. घरी कॉम्प्युटरवर तीच विमानं उडवायचा, खऱ्यासारखी. टेबलाला काठी बसवली होती, पायाखाली पेडल. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्याच्यासारखेच आणखी तिघं, आपापल्या गावी आपापल्या घरी बसून, त्याच्याबरोबर उडायचे. चार विमानं, एका ओळीत. दादा तीन नंबर.

सहा आठवड्यांपूर्वी, अशाच रविवारी, उडता उडता दादानं टेबलावर डोकं ठेवलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मला वाटलं झोपला. स्पीकरमधून ते तिघं ओरडत होते, “तीन, डावीकडे. तीन, वळ रे!” बाकीची तिन्ही विमानं डावीकडे वळून गेली होती. दादाचं एकटं सरळ चाललं होतं. खाली तलाव होता, पुढं डोंगर.

मी त्याला उचलायला धावलो. पायात वायर आली. मी ती ओढली.

पडदा काळा झाला.

“उतरलं नाही, पडलंही नाही,” मी म्हणालो. “मी मध्येच बंद केलं. मी नसती ओढली वायर, तर कुठवर गेलं असतं ते?”

काका पंखाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

“सांगा ना!”

काका फडकं झटकून पुढच्या पत्र्याकडे वळले.

“तुम्ही कधी उडवलंय तरी का? दादा म्हणायचा काकांना सगळं कळतं. मी ह्या महिन्यात बेचाळीस वेळा उडालोय. त्याच खुर्चीत बसून. त्याच तलावावरून.”

“उतरलास किती वेळा?”

मी खाली पडलेल्या फडक्याकडे बघितलं.

“मी एकदाही उडालो नाही,” काका म्हणाले. “जाणाऱ्याचे पट्टे आवळायचो.”

तेवढ्यात माझ्या खिशातून आवाज आला.

“टिटवी, हजेरी.”

काकांचा हात थांबला.

तो दादाचा फोन होता. उडायच्या आधी त्या चौघांची हजेरी फोनवरच व्हायची, वॉकीटॉकीसारखी. टिटवी हे त्यांच्या टोळीचं नाव, दादानंच ठेवलेलं. आवाज एक नंबरचा, म्हणजे कोल्हापूरचे इंगवले. दातांचे डॉक्टर आहेत. मी कोणालाच कधी भेटलो नाही, पण आवाज सगळे ओळखतो.

“दोन,” अकोल्याची मुलगी म्हणाली.

“...”

“चार,” एक म्हातारा आवाज.

“तीन?” इंगवले म्हणाले. “तीन, ऐकू येतंय का?”

“रुसलाय तो,” चार नंबर म्हणाला. “नाहीतर लग्न उरकलंय चोरून. जेवणाचा खर्च वाचवला लेकानं.”

“पण ते ऑनलाइन दिसतायत,” मुलगी म्हणाली. “दर रविवारी दिसतात. जयेशभाऊ, ऐकताय ना? काही चुकलं का आमचं?”

“असू दे,” इंगवले म्हणाले. “दहा मिनिटं थांबू. मग त्याची जागा सोडून निघू.”

मी फोन खिशातून काढून छातीशी धरला.

काका माझ्याकडे बघत होते.

“त्यांना सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“सहा आठवडे?”

“पाचच रविवार झाले. आजचा सहावा.”

“आणि फोन चालू ठेवतोस.”

“काका, घरात त्याचं नाव कोणी घेत नाही. आई घेत नाही. शेजारचे मी आलो की विषय बदलतात. हे तिघंच आहेत, दर रविवारी हाक मारतात. तीन, ऐकू येतंय का, म्हणतात. सांगितलं की संपलं. परत कोण मारेल हाक?”

मला वाटलं काका रागावतील. मला ते हवंही होतं. भांडता आलं असतं.

काका कोपऱ्यात गेले. तिथून लाकडाचे दोन तिरपे ठोकळे घेऊन आले, दोरीनं बांधलेले. रंग उडाला होता. त्यांनी ते माझ्या पायाशी ठेवले.

“हे काय?”

“विमान उभं राहिलं की चाकाखाली लावायचे. आम्ही चोक म्हणायचो. विमान वर गेलं की त्याच्या जागेवर मांडून ठेवायचे आणि बसायचं. आपलं आपण ओळखतो आवाजावरून.”

“मग?”

“एकदा चार गेली. तीन आली.”

“तुमचं कुठलं?”

“चौथं.”

शेडच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती.

“मी चोक मांडून बसलो. संध्याकाळी मुकादमासारखा एक सार्जंट आला, म्हणाला, गांगुर्डे, जेवून घे. नाही गेलो. सकाळी चहा आणून दिला कोणीतरी. तोही तसाच.”

“कितीदा सांगितलं असेल ना त्यांनी, उठ म्हणून?”

“सगळ्यांनी.”

“आणि तुम्ही नाही उठलात.” मला बरं वाटलं. “बघा! मग मला कशाला...”

“दुपारी उठलो.”

“का? दमलात?”

“दुसऱ्या तळावरचं एक विमान येऊन उभं राहिलं माझ्याशेजारी. त्याचे चोक नव्हते. उतार होता जागेला. पायलट आतच बसलेला. लहान होता रे, तुझ्याएवढा. ब्रेक दाबून. चोक लागेपर्यंत त्याला ब्रेकवरून पाय काढता येत नाही.”

“बोलला काही?”

“नाही. माझ्याकडे बघत होता नुसता. त्याचा पाय थरथरत होता.”

“म्हणून त्याला दिलेत?”

काकांनी खाली वाकून माझं टाकलेलं फडकं उचललं, झटकलं, आणि विमानाच्या शेपटीकडे गेले.

मी ठोकळ्यांकडे बघत उभा राहिलो. दोरीची गाठ जुनी होती, तेलानं काळी झालेली.

“तीन,” फोन म्हणाला. इंगवले हळू बोलत होते. “जयेश, दोन मिनिटं राहिलीत रे. नुसतं ‘तीन’ म्हण. बाकी काही विचारत नाही.”

“आम्ही तलावावरून जाणार नाही,” मुलगी म्हणाली. “तिथं तुमचं काहीतरी बिघडलं होतं ना त्या दिवशी. दुसरीकडून जाऊ.”

“मी लग्नाचं मागं घेतो,” चार नंबर म्हणाला. “ये बाबा.”

काका पुसत होते. माझ्याकडे पाठ होती.

त्या फोनवर पडद्याच्या मधोमध एक गोल बटण आहे. दाबलं की आपण बोलायचं. दाबलेलं असेपर्यंत समोरच्याचं काहीच ऐकू येत नाही. दादा ते एका बोटानं टिचकी मारल्यासारखं वापरायचा. मी आजवर हात लावला नव्हता.

मी दाबलं.

“मी... मी तीन नाही,” मी म्हणालो. “मी भावेश. जयेशचा लहान भाऊ.”

बटण सोडलं नाही.

“दादा गेला. त्याच दिवशी. तुम्ही वळ म्हणत होतात ना, तेव्हाच गेला तो. रुसला नव्हता. तुमचं काही चुकलं नव्हतं. विमान सरळ जात होतं त्याचं. वायर माझ्याकडून निघाली. ऑनलाइन मीच दिसत होतो. तुम्ही हाक मारायचात ते ऐकत बसायचो. मला माफ करा. आता वाट बघू नका. तुम्ही निघा. तलावावरून गेलात तरी चालेल. त्याला तो तलाव आवडायचा.”

आणखी काय सांगायचं ते सुचेना.

मी थांबलो. फोनमधून काही आवाज आला नाही.

“...”

हसणं नाही, श्वास नाही, काही नाही. मी तसाच उभा राहिलो, फोन घट्ट धरून. शेडमध्ये फक्त काकांच्या फडक्याचा आवाज. मग तोही थांबला.

“काका,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “गेले ते. सांगितलं, आणि गेले. बघा, कोणी एक शब्द बोलत नाही. म्हटलं होतं ना मी तुम्हाला?”

काका चालत माझ्याजवळ आले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. फोनकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

“भावड्या,” ते म्हणाले, “बटणावरचं बोट काढ.”