सरकारचा कान

शिरपती पैलवान भर पंगतीत गुणाबाईंच्या कानाला कडकडून चावला. कारण काय, तर वाढताना त्या म्हणाल्या, “अरे, मागच्यांना चार जिलब्या ठेव की!”

अर्धा कान गेला आणि पैलवान तालुक्याच्या कोर्टात जामीन मागायला उभा राहिला. सुटला की येणार कुठं? गुणाबाईंच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरात! वर “दुसरा कानही सोडत नाही” असा निरोप त्यानं आधीच धाडलेला.

“साहेब, मला सांगायचंय...” गुणाबाई उठल्या.

सरकारी वकील ढेपेसाहेब मानेपेक्षा कॉलर ताठ ठेवणारे. ते खेकसले, “बाई, खाली बसा! खटला सरकार विरुद्ध शिरपती आहे. गुन्हा सरकारविरुद्ध झालाय. तुमचा काय संबंध?”

गुणाबाई बसल्या आणि त्यांनी डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला.

जरा वेळानं न्यायाधीश म्हणाले, “जखम केवढी आहे, बघू.”

“बाई, कान दाखवा,” ढेपे म्हणाले.

“माझा काय संबंध?” गुणाबाई जागेवरूनच म्हणाल्या. “चावा सरकारला घेतलाय. सरकारच्या वतीनं तुम्ही उभे आहात, तेव्हा तुम्हीच दाखवा की साहेबांना तुमचा कान!”

कोर्टात हशा पिकला. पैलवानसुद्धा हसला. न्यायाधीशांनी चष्मा सावरून ढेप्यांचे दोन्ही कान खरोखरच तपासले.

“सरकारला तर ओरखडाही नाही,” ते म्हणाले. “बोला बाई, आधी तुम्ही बोला. तुमचा हक्कच आहे तो.”

गुणाबाईंनी सगळं सांगितलं. निकाल लागेपर्यंत पैलवानानं गावात पाऊल टाकायचं नाही, या अटीवरच जामीन झाला.

ढेपेसाहेब मात्र जिना उतरेपर्यंत स्वतःचा कान चाचपत होते.