तुर्मा नदीने सोडलेली वाट

सैबेरियात तुर्मा नावाची नदी आहे. झारोवो गावासमोर तिचं रुंद पात्र कोरडं पडलंय. नदी वाहते ती गावाच्या मागून. दोन जिल्ह्यांची हद्द मात्र नकाशात अजून या कोरड्या पात्रातूनच जाते. पाहुण्यांनी विचारलं की म्हातारा नावाडी येफिम टोपी काढून हातात घेतो आणि सांगू लागतो.

झारच्या काळातली गोष्ट, म्हणे. तेव्हा तुर्मा झारोवो आणि लुकिनो या गावांच्या मधून वाहायची, आणि तीच हद्द होती. झारोवोच्या उस्तिन्याने आपली एकुलती लेक ग्लाशा लुकिनोत दिली होती. त्या वर्षी लुकिनोकडे तापाची साथ आली. हद्द कोणी ओलांडायची नाही, असा हुकूम निघाला. काठावर बंदुका घेऊन शिपाई उभे राहिले. आणि ग्लाशाचे तर दिवस भरलेले.

एका सकाळी पलीकडून जावयाची हाक आली, "आई, ग्लाशा अडलीय! लवकर या!"

उस्तिन्या शिपायांच्या पाया पडली. "मावशी, आमच्या हातात काही नाही," ते म्हणाले. मग ती नदीकडे वळली. बर्फ नुकताच फुटू लागला होता.

"तूच बाजूला हो गं माये. माझ्या घरातलं काय हवं ते घे."

असे सांगतात, की वरच्या वळणावर बर्फाचे डोंगर अडकले, कडाडले, आणि समोरचं पाणी सरसर उतरलं. चिखलात मासे तडफडू लागले. शिपाई आ वासून बघत राहिले. आता हद्द कुठली, तेच त्यांना कळेना. उस्तिन्या गुडघाभर चिखल तुडवत पलीकडे धावली.

तिने लेकीचं बाळंतपण केलं. नातू रडला. ग्लाशा हसली, "बाबांना हाक मार ना! आता तर चालत येतील."

बाळाला घेऊन उस्तिन्या दाराशी आली आणि थिजली. झारोवोच्या मागच्या टोकाला, जिथे तिचं घर होतं, तिथून नदी वाहत होती. गावातलं तेवढं एकच घर गेलं होतं. चुलीपाशी जाळं विणत बसलेला प्रोखोर, तिचा नवरा, आतच होता. 'घरातलं' म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे गाय होती, म्हणे, नाहीतर पेटीतली लग्नातली शाल. माणूस मनातही आला नव्हता.

आजही बर्फ फुटला की झारोवोच्या बायका नदीवर जातात, पाव पाण्यात सोडतात आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने सांगतात, "हा पाव आहे. पावच देतोय आम्ही. दुसरं काही नाही."