दोन वाव पाणी

एकदा एक वृद्ध तांडेल आपले गलबत शिष्याच्या स्वाधीन करणार होता. अट एकच: खाडीच्या मुखाशी पाण्याखाली वाळूचा दांडा होता, त्यावरून भरलेले गलबत शिष्याने सुखरूप आत न्यायचे. दोन वाव पाणी असेल तर ते जेमतेम जाई, ही तांडेलाची शिकवण.

शिष्याला मात्र शब्दाचेच कुतूहल. "बाबा, कापडाला हात आणि पाण्याला वाव, असं का? पुराणिक म्हणाले, संस्कृत व्याम शब्दावरून आलंय. व्याम म्हणजे पसरलेल्या दोन्ही हातांचं अंतर."

"कुठून आलं ते कळलं. कशाला आलं?"

खोली मोजण्यासाठी शिशाचा गोळा बांधलेल्या दोरीला शिष्याने किनाऱ्यावरच आपले हात पसरून एकेका वावावर गाठी मारल्या होत्या. आता नुसत्या मोजायच्या. तांडेलाने ती दोरी घेतली आणि सगळ्या गाठी सोडून टाकल्या.

"म्हातारपणी उद्योग नाही वाटतं?" गलबतात भरलेल्या तांदळाचा मालक, एक व्यापारी, गुरगुरला. "माल भिजला तर याच दोरीनं बांधून नेईन दोघांना."

दांड्याजवळ शिष्याने गोळा सोडला. तळ लागल्यावर हात पसरून, दोरी छातीवरून ओढत तो मोजू लागला. बरोबर दोन वाव. खलाशी शिडाकडे वळले. शिष्याची नजर मात्र ताणलेल्या आपल्या बोटांवर खिळली, मग तांडेलाच्या लांबलचक हातांवर गेली.

"थांबा रे. बाबा, जरा हात पसरा."

तो तांडेलाच्या छातीला पाठ लावून उभा राहिला. त्याची बोटे तांडेलाच्या मनगटापर्यंतच पोचली. म्हणजे त्याचे दोन वाव तांडेलाच्या दोन वावांहून कमी भरत होते.

"भरती चढू दे," तो म्हणाला.

व्यापारी तोवर कुरकुरत राहिला. पाणी पुरेसे चढल्यावर गलबत निघाले. दांड्यावर त्याचा तळ वाळूला किंचित लागला आणि सुटला. कुरकुर थांबली.

तांडेल म्हणाला, "कापड डोळ्यांसमोर असतं, कुणीही मोजून द्यावं. पाण्याचा तळ दिसत नाही. जो गलबत नेणार त्यानं तो स्वतःच्या छातीवरून ओढून घ्यायचा, म्हणून हे माप दोन्ही हातांचं. गाठी मोजल्या असत्यास तर आकडा दिसला असता, हात दिसले नसते."

धक्क्याला लागताना व्यापाऱ्याने नरमाईने विचारले, "मघाशी पाणी होतं तरी किती?"

सुकाणू धरलेला शिष्य हसला. "कुणाच्या हातांनी सांगू, शेठ?"

ऐकलेले आकडे घोकणाऱ्यांनीही एकदा आपले हात पसरून पाहावेत.