चांदण्याची घरपट्टी

लेकीच्या लग्नासाठी सगुणाक्कानं घर भिकूशेट सावकाराकडे गहाण टाकलं. हप्ता ती कधी चुकवत नसे. तरी शेट रोज तिन्हीसांजेला यायचा आणि तिच्याच ओटीवरच्या झोपाळ्यावर ऐसपैस बसायचा. दारातल्या सुरंगीच्या फुलांचा वास दरवळायचा, कड्या संथ कुरकुरायच्या, आणि डोळे अर्धवट मिटून शेट म्हणायचा, "हे घर माझं. ही सुरंगी माझी. अंगणातलं चांदणंसुद्धा माझं!"

अक्का खांबाला टेकून उभी राहायची. त्या झोपाळ्यावर बसून चांदणं बघायचं तिच्या फार मनात असायचं.

एकदा शेट असाच झुलत असताना पंचायतीचा शिपाई घरपट्टी मागायला आला.

अक्का हळूच म्हणाली, "घर शेटचं आहे रे बाबा. आत्ताच म्हणाले, चांदण्यासकट. पट्टी त्यांच्याकडून घे."

शिपायानं पावतीपुस्तक शेटपुढे धरलं. झोपाळा थांबला.

"छे, छे! माझ्याकडे नुसतं गहाण आहे," शेट घाईघाईनं म्हणाला. "मालकीण हीच. पट्टी मालकानंच भरायची!"

अक्कानं पदराची गाठ सोडून पट्टी भरली आणि पावती घेतली.

"मग शेट," ती म्हणाली, "मालकिणीच्या झोपाळ्यावरून उतरा. चांदणं पडायला लागलंय."