लाडूला हवं होतं एकट्याचं घर

तुम्ही ती बाग कुणालाही न विचारता तोडलीत. चाफ्याला विचारलं नाहीत, फुलपाखरांना नाही, पानांआडच्या परीला तर नाहीच. तुम्ही कोण, हे मी सांगत बसणार नाही. मला ती बाग होती त्या दिवसांत परत जायचंय. तेव्हा सकाळचं ऊन झारीतून शिंपडल्यासारखं पडायचं आणि दवाच्या इवल्या थेंबांत इवली इंद्रधनुष्यं झुलायची.

बागेच्या कुंपणालगत गारुड्यांची छोटीशी वस्ती होती. तिथल्या एका गळक्या झोपडीत गेंदा तिच्या काकीकडे राहायची. तिला आईबाप नव्हते. भाकरी कधी असायची, कधी नसायची. थंडीत काकी, गेंदा आणि सगळी चुलत भावंडं एकाच गोधडीत शिरायची. ऊब म्हणजे दाटीवाटी, एवढंच गेंदाला ठाऊक होतं.

तिचे दोन लाडके साप होते. लाडू हे गुळाच्या रंगाचं, गुबगुबीत मांडूळ. रेशीम ही लांबलचक, सोनसळी धामण. दोघंही बिनविषारी, आणि दोघांच्या करंड्या वेगळ्या.

एका गार संध्याकाळी गेंदाला लाडूची फार दया आली. "बिचारा माझा सोन्या, एकटाच कुडकुडतोस!" असं म्हणून तिने त्याला रेशीमच्या करंडीत ठेवलं. रिकामी करंडी पेटवून भावंडांना शेक दिला. सकाळी बघते तर दोघं एकमेकांत गुंतून बसलेले.

"काकी, मिठी मारलीये बघ!" ती आनंदाने ओरडली.

पण लाडू खाईना. त्याची तुकतुकीत कातडी निस्तेज झाली. काकी हळूच म्हणाली, "पोरी, हा काही आता राहत नाही. जीव नको लावूस."

गेंदा रडत बागेत धावली. चाफ्याखाली टपटप आसवं पडली, तेवढ्यात एक कळी उमलली आणि आतून इवलीशी परी बाहेर आली. सापाच्या झिरझिरीत कातीचा तिचा झगा चमचमत होता. तिचा एक पंख गुलाबी होता, एक निळा.

"रडू नकोस, फुला," परी म्हणाली. "माझ्या एकेका पंखात एकेक इच्छा आहे. पण नियम ऐक. दुसऱ्यासाठी मागशील, ते त्याला हवं असलं पाहिजे. स्वतःला हवं ते त्याच्या नावावर खपवायचं नाही."

"एवढंच ना? माझे लाडू-रेशीम एका करंडीत आनंदाने नांदू देत!"

गुलाबी पंख राखाडी झाला.

"फुकट गेली गं," परी म्हणाली.

"पण ते तर मिठी मारतात!"

"विचारलंस त्यांना?"

गेंदाने नकारार्थी मान हलवली. तिच्या मनात कधीपासून एक मोरपंखी, घेरदार फ्रॉक होता. उरलेली इच्छा तिने त्याच्यासाठी राखली होती. तो विचार बाजूला सारून ती म्हणाली, "मला त्यांचं बोलणं ऐकू येऊ दे."

एक निळी ठिणगी तिच्या कानावर टेकली. गेंदा घरी पळत सुटली.

"सरक ना!" करंडीत रेशीम फणफणत होती. "ऊब या एकाच कोपऱ्यात आहे, आणि तो तू अडवलायस."

"तूच माझ्या अंगावर चढलीस," लाडू कण्हला. "मला घास उतरत नाही. वाटतं, तू मलाच गिळशील."

"गिळेनही. भूक लागली की काही सांगता येत नाही."

"अरे, पण तुमची मिठी?" गेंदाने विचारलं.

"मिठी?" दोघं एकदम ओरडले.

"मला मऊ माती दे, गेंदा," लाडू म्हणाला. "आत शिरलो की मी कुणाला दिसू नये, आणि मलाही कुणी दिसू नये."

"मीसुद्धा नको?"

"तू ये ना अधूनमधून. राहायला नको."

गेंदाला हसू आलं आणि रडूही आलं. पण दुसरी करंडी कुठली? घरात एकच भांडं तिचं स्वतःचं होतं, तिच्या आईचा रुंद तोंडाचा माठ. त्यात तोंड घालून "आई" म्हटलं की आतून घुमून "आई" असं परत यायचं. गेंदा रोज एकदा तरी हाक मारायची.

तिने शेवटची हाक मारली. उत्तर विरेपर्यंत थांबली. मग बागेतली भुसभुशीत माती आणून माठ भरला आणि चुलीजवळ ठेवला. आधी लाडूचं नाक आत गेलं, मग पोट, मग शेपटीचं टोक. थोड्याच दिवसांत त्याने भक्ष्य गिळलं, तेव्हा काकीनेही डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात परी दारात आली. तिच्या पंखांत आता सगळेच रंग झुळझुळत होते. "इच्छा संपल्यावर जे केलंस ना, त्यानेच हे रंग आले. मुक्या जीवांचं ऐकणं कायमचं तुझ्याकडे राहू दे, बाळा," ती म्हणाली. झोपडीभर चाफ्याच्या रंगाचा उजेड पसरला, चंदेरी कण भिरभिरले, आणि परी त्या उजेडात विरघळली.

पुढे लांबलांबून लोक आजारी गुरंवासरं घेऊन गेंदाकडे येऊ लागले. येताना धान्य आणायचे. काकीची चूल पुन्हा कधी थंड पडली नाही.

सगळ्यात आधी शेजारची गोदाआत्या लंगडी शेळी घेऊन आली. तिने माठात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बये, साप कुठाय? यात तर नुसती माती दिसतीय. आणि तू हसतीस काय गं एवढी?"